अंबाडीचे रविवार

पुसदच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा त्या गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. जिल्हा तोच, यवतमाळ, पण मी त्याच्या पार दुसऱ्या टोकाची. वणीजवळ राजूरला, कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढले. वडील खाणीत होते. शेजारी तेलुगू, समोर बिहारी, मागच्या लाइनीत गोंड कुटुंबं. आम्ही सगळी पोरं मिळून एक भाषा बोलायचो, अर्धी हिंदी आणि अर्धी वऱ्हाडी, आणि शाळेत ती तोंडातून निघाली की बाई रागवायच्या. तिथून पुसदला यायचं म्हणजे एसटी बदलत बदलत दिवस जायचा, त्यामुळे सुट्टी लागली की घरी पळायची सोय नव्हती.

सोमवार ते शनिवार बरे जात. बँकेत माणसांना तोटा नसतो. प्रश्न रविवारचा होता. कपडे धुऊन, खोली झाडून, आईशी फोनवर बोलून झालं तरी घड्याळात दहाच वाजलेले असत. मग मी चौकातल्या गाडीवर तर्री-पोहे खायला जायची. पहिल्याच रविवारी गाडीवाल्यानं कढईतून वर न बघता विचारलं, "दोन?" त्याच्याकडे सगळे जोडीनं किंवा घोळक्यानं येत असावेत. "एकच" म्हणायचं सोडून मी मान हलवली. त्यानं दोन प्लेटा पुढे केल्या. मी एक खाल्ली, कुणाची तरी वाट बघते आहे असं दाखवत थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं आणि मग दुसरीही खाल्ली. पुढच्या रविवारी त्यानं विचारलंच नाही, थेट दोन प्लेटा भरल्या. त्यानंतर मी त्या चौकातून जायचंच सोडलं.

हे मी बँकेत शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की रांगेतल्या आजोबांनी तिला पाणी देऊ केलं. माझ्याच वयाची, तिशीला टेकलेली, माझ्यासारखीच खोली घेऊन एकटी राहणारी. फरक एवढाच की तिचं गाव जवळ होतं. फुलसावंगीच्या अलीकडे एका फाट्यावरून आत गेलं की बंजाऱ्यांचा तांडा लागतो, तिथं तिचे आईवडील राहत. भाऊ पुण्याला नोकरीत. दर रविवारी ती स्कुटीवर घरी जाऊन संध्याकाळी परत यायची.

"तू एकटी कायले मरतं वं इथं?" ती म्हणाली. "चाल माह्यासंग. याडी बाटी करून ठेवीन."

याडी म्हणजे आई, एवढं मला तिच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळलं होतं. बाटी काय असते ते तर कुणालाही माहीत असतं, असं मला वाटलं.

श्रावण चालू होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी गुडघ्याला आलेली, सोयाबीन नुसतं हिरवंगार. मी मागे बसून पूर्ण वाटभर बाटीचा विचार करत होते. निखाऱ्यात भाजलेला, फोडून तुपात बुडवलेला गोळा, त्यावर डाळ. सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. मधे चहाला थांबलो तेव्हा तिनं मला एक वाक्य शिकवलं. "याडीला मराठी येते, पण जेवल्यावर तू 'घणो आचो छ' म्हटलं ना, तं ते खूश होईन." घणो आचो छ, म्हणजे फार छान आहे. मी ते उरलेल्या रस्त्यात पाठ करत राहिले.

घर छोटं होतं. अंगणात कडुलिंब, त्याखाली बाज. बाजेवर तिचे वडील बसले होते. उंच, हडकुळे, खांद्यावर रुमाल. आम्हाला बघून ते लगेच उठले. "बसा म्याडम," म्हणाले. मी बसले. ते उभेच राहिले. इकडेतिकडे बघितलं, आणि थोड्या वेळानं "मोटर पाहून येतो" असं म्हणून शेताकडे निघून गेले. मला वाटलं, आपण चुकलो. म्हाताऱ्या माणसाच्या जागेवर जाऊन बसलो. पण आता उठून काय उपयोग, म्हणून अवघडून तशीच बसून राहिले.

याडी आतून आली. ठेंगणी, दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि चेहरा असा की आपण मागच्या आठवड्यातच येऊन गेलोय असं वाटावं. "आव, बेस," म्हणाली आणि माझा हात धरून घरात घेऊन गेली.

ताट आलं. ज्वारीची पातळ, पांढरीशुभ्र भाकर, ठेचा, फोडलेला कांदा आणि एक मोठी वाटी भरून भाजी. मी थोडा वेळ वाट पाहिली. चुलीकडे नजर टाकली. मग न राहवून हळूच विचारलं, "आणि बाटी?"

याडी गोंधळली. तिनं माझ्या ताटातल्या भाकरीवर बोट ठेवलं. "हे काय वं, बाटी."

मैत्रीण हसता हसता भिंतीला टेकली. त्यांच्या गोर बोलीत भाकरीलाच बाटी म्हणतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तुपातल्या गोळ्याची वाट पाहत होते हे तिनं आईला सांगितलं, आणि मग दोघी हसल्या, मग मीही हसले. तो अवघडलेपणा तिथल्या तिथे संपला. खरी पंचाईत वाटीत होती.

वाटीत अंबाडी होती.

मला अंबाडी आवडत नाही. आवडत नाही हे कमी झालं. मला ती भाजी सोसत नाही. यवतमाळला कॉलेजात असताना मेसच्या मावशी पावसाळाभर अंबाडीच करायच्या. तो आंबटपणा दातांच्या मुळाशी जाऊन बसतो, आणि नंतर पाणीसुद्धा आंबट लागतं. पण पहिल्यांदाच आलेल्या घरी, एवढ्या मायेनं वाढलेलं, कोण नाही म्हणेल? निदान मी तरी नाही. तर्री-पोह्यांवाल्याला जी नाही म्हणू शकली नाही, ती याडीला काय म्हणणार.

लहानपणापासून माझी एक पद्धत आहे. नावडती गोष्ट आधी संपवून टाकायची आणि मग आवडीचं निवांत खायचं. मी भाजीची वाटी उचलली, भाकरीला हात न लावता नुसती भाजी भराभर तोंडात टाकली आणि श्वास रोखून संपवली. आता ठेचा-कांदा-भाकर मजेत खाऊ, असं मनात म्हणते तोवर वाटी पुन्हा भरलेली होती.

"पाय ना, कशी खाऊन राह्यली!" याडी लेकीला म्हणाली. "भाकरीले हात लावाच्या आधी भाजी संपवली पोरीनं!"

दुसरी वाटी मी सावकाश खायचा प्रयत्न केला. त्यानं काम जास्तच कठीण झालं. ती एकदाची संपल्यावर, आता हिला थांबवायचं कसं, या विचारात मला त्यांच्या भाषेतलं येत होतं ते एकमेव वाक्य तोंडून निघालं. "घणो आचो छ!"

याडीनं दोन्ही हात गालांना लावले. मग तिनं तिसऱ्यांदा वाढलं.

त्या दिवशी निघताना ती फाट्यापर्यंत चालत आली. "पुढल्या आइतवारी येजो," म्हणाली. "अंबाडी करीन तुह्यासाठी."

आणि तिनं केली. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या, पोळ्याच्या आदल्या रविवारी, गणपतीतल्या रविवारी. कधी तुरीची डाळ घालून, कधी ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी. बाकी काही असलं तरी अंबाडी असायचीच, आणि पहिली वाटी माझ्यापुढे यायची. खरं सांगायला दर आठवड्यानं आणखी उशीर होत होता. पहिल्या रविवारी नाही म्हटलं असतं तर एक क्षण वाईट दिसलं असतं. आता म्हटलं असतं तर इतक्या रविवारांचा हिशेब द्यावा लागला असता.

तरीही मी जात होते, कारण बाकी सगळं मला हवं तसं होतं. मागे बसून वाऱ्यात ओरडत मारलेल्या गप्पा. दुपारी ओसरीत तिघींनी आडवं होणं. याडी मला भाषा शिकवायची, आणि मी चुकीचं बोलले की शेजारणीला हाक मारून तिच्यासमोर तेच पुन्हा बोलायला लावायची. घरून आईचा फोन आला की "अमुक स्थळ आहे, तमुकचा मुलगा आहे" असं सुरू व्हायचं. या घरात मात्र मला लग्नाबद्दल कुणी कधी विचारलं नाही. पोटभर जेवली का, झोप झाली का, साहेब रागावला का, एवढंच विचारत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून होती. तिचे वडील. आम्ही पोचलो की ते बाजेवरून उठत, "बसा म्याडम" म्हणत, आणि ताटं मांडायची वेळ झाली की रुमाल खांद्यावर टाकून निघून जात. कधी मोटर पाहायला, कधी कुंपण पाहायला, कधी कुणीतरी बोलावलंय म्हणून. जेवणं झाल्यावर परत येत, ओसरीच्या टोकाला बसून चहा पीत, मला विचारत, "जेवलात का म्याडम?" आणि गप्प होत. एकदाही ते आमच्याबरोबर जेवले नाहीत. मी बाजेवर बसणं सोडलं. येताच खाली चटईवर बसायची. त्यांनी कितीदा "बसा" म्हटलं तरी "नको काका, इथंच बरं" म्हणायची. त्यानं काही फरक पडला नाही. त्यांचं जाणं तसंच चालू राहिलं.

एकदा परत येताना मी मैत्रिणीला विचारलं. "काकांना माझं येणं आवडत नाही का?"

"बा तसेच हायेत," ती म्हणाली. "माह्यासंग तरी कुठं बोलतात?"

पण ते तिच्याशी बोलत. मी ऐकलं होतं. मला वाटायचं, परक्या घरची, वेगळ्या जातीची, बँकेतली मुलगी दर रविवारी येऊन बसते, त्यांच्या घरातला निवांतपणा मोडते. आता नको जायला, असं दर शनिवारी ठरवायची, आणि रविवारी सकाळी खाली स्कुटीचा हॉर्न वाजला की जिना उतरायची.

दिवाळी झाली. कापसाची पहिली वेचणी झाली होती. त्या रविवारी आम्ही पोचलो तर याडी घरात नव्हती. तिच्या बहिणीला बरं नव्हतं, म्हणून सकाळीच तिकडे गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार होती. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पातेलं होतं आणि समोर तिचे वडील उकिडवे बसून ढवळत होते. आम्हाला बघून त्यांना थोडं लाजल्यासारखं झालं. मैत्रीण हात धुऊन भाकरी थापायला आत गेली आणि अंगणात आम्ही दोघंच उरलो. पहिल्यांदाच. मी चुलीतली लाकडं पुढे सारत बसले.

मग तेच बोलले. "म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना काका."

"आज अंबाडी नाई जमली. मले करताच येत नाई थे. वांग्याची केली." मग अगदी काळजीनं, "तुमचं भागन का?"

ते ज्या आवाजात म्हणाले त्यानं माझा अवघडलेपणा सुटला. बँकेतली स्वच्छ मराठी कुठल्या कुठे गेली आणि कॉलनीतली भाषा तोंडात आली. "काका, मले अंबाडी आवडतच नाई."

पळी पातेल्यात थांबली. "काय म्हणता?"

"नाई आवडत. दात आंबतात मायवाले. पयल्या दिवशी लवकर संपावं म्हून भराभर खाल्ली, तं याडीले वाटलं मले लय आवडली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उकिडवे बसले होते ते सरळ जमिनीवर बसले, आणि आत बघून हाक मारली, "ये पोरी! भायेर ये! हे म्याडम काय म्हणते, ऐक!"

मैत्रीण पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी पुन्हा सांगितलं. "अवं, मी तं दर शनिवारी फोन करून सांगत होती ना याडीले, अंबाडी कर म्हून! मलेबी नाई आवडत थे. तू येतं म्हून मी खाऊन राह्यली!"

"मंग आपण कोणासाठी खाऊन राह्यलो?" मी म्हटलं.

"मी कुठं खाऊन राह्यलो?" वडील म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. समोरचा एक दात नव्हता. "मी तं पळतो. भाकर-कांदा रुमालात बांधतो अन मोटरीपाशी बसून खातो. लहानपणी आमच्या घरी अंबाडी अन कण्या, दुसरं कायी नसे. दोन्ही वखत तेच. मोठा झालो, शेत झालं, तवापासून तोंड फिरवलं थे फिरवलं. घरी कधीतरीच बने अंबाडी. तुमी आल्या अन..." त्यांनी हातानंच पुढचं सांगितलं.

मी त्यांच्याकडे पाहत होते. इतके दिवस तो रुमाल खांद्यावर जाताना पाहून मी किती काय काय समजून बसले होते. "मला वाटलं, मी तुमच्या बाजेवर बसले म्हणून तुम्ही रागावले."

"बाजेवर?" त्यांना खरंच समजेना. "बाज तं पाव्हण्यासाठीच राह्यते. तुमी खाली बसून राह्यल्या तं मलेच वाटे, आमची बाज म्याडमले पसंत नाई. मोठ्या घरची पोरगी हाये."

"मोठं घर?" मी म्हटलं. "काका, दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आमचं. छतातून कोळशाची भुकटी पडायची जेवणात."

यावर ते खूप वेळ हसले, आणि हसण्यात वांग्याची भाजी खाली लागली. आम्ही ती तशीच खाल्ली. तिखट इतकं होतं की तिघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कुणी थांबत नव्हतं. त्यांनी माझ्या ताटात भाकर टाकली आणि म्हणाले, "घे पोरी." म्याडम तेव्हाच संपली, त्यानंतर त्यांनी मला कधी म्याडम म्हटलं नाही.

आता याडीला सांगायचं की नाही, यावर चर्चा झाली. मैत्रीण म्हणाली, नको, वाईट वाटेल तिला. हळूहळू कमी करू. मलाही तेच बरं वाटलं. वडिलांनी गंभीरपणे मान हलवली.

संध्याकाळी याडी जीपमधून उतरली, अंगणात आली, बहिणीचं कसं आहे ते सांगितलं, लेकीनं दिलेलं पाणी तोंडाला लावलं, आणि तिचा घोट घशाखाली जायच्या आत वडील म्हणाले, "हिले अंबाडी आवडत नाई."

याडीनं पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "खरंच का वं?"

मी मान हलवली. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मी जाऊन तिच्याजवळ बसले, तर पदरामागून आवाज आला, आणि तो हसण्याचा होता. पण पूर्ण हसण्याचा नव्हता. डोळे पुसून ती म्हणाली, "पयलेच सांगतं का नाई? मी शेजारणीच्या वावरातून मागून आणे. सगळ्यायले सांगे, माह्या पोरीच्या मैत्रिणीले माह्या हातची अंबाडी लागते म्हून."

"याडी, तुझ्या हातची म्हणूनच खाल्ली," मी म्हटलं, आणि ते मात्र अगदी खरं होतं. मेसमध्ये मी ताट सरकवून उठायची.

तिनं माझी हनुवटी धरली. "बरं. मंग काय आवडते तुले?"

साधा प्रश्न. वरण-भात? वांगं? मी खरंच विचार करायला लागले. होस्टेलात जे शिजेल ते, बँकेत जे डब्यात असेल ते, गाडीवर जे पुढे येईल ते. घरी आईला माहीतच असायचं, तिनं कधी विचारलं नव्हतं. मला काय आवडतं हे मी शेवटचं कधी कुणाला सांगितलं होतं, आठवेना. तिघंही माझ्याकडे बघत थांबले होते. घाई कुणालाच नव्हती.

"भजे," मी शेवटी म्हटलं. "मेथीचे भजे. अन सोबत पातळ कढी."

"इतकंच ना," याडी म्हणाली आणि उठून आत गेली. अंधार पडायच्या आधी निघायचं होतं, तरी तिनं त्याच संध्याकाळी भजे तळले. मेथी नव्हती, म्हणून कांद्याचे. आम्हाला निघायला उशीर झाला आणि परतताना थंडीनं हात आखडले.

त्यानंतरचे रविवार निराळे झाले. काका घरातच जेवू लागले, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबवणं कठीण होतं. त्यांना माझ्या वडिलांच्या खाणीचं फार कुतूहल. खाली किती गरम होते? खाली पाणी लागते का? माणूस खाली असताना वर पाऊस आला तं कळते का? मला निम्मी उत्तरं येत नव्हती. मी रात्री वडिलांना फोन करून विचारायची आणि पुढच्या रविवारी सांगायची. माझे वडील तर बोलायचं निमित्तच शोधणारे. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या खाणीच्या गोष्टी ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं. फोनवर उत्तरं लांबत गेली. शेवटी एकदा ते म्हणाले, "अरे, ये फोन पे समझाने की चीज नहीं है. मीच येतो."

आणि आले. दुसऱ्या शनिवारची जोडून सुट्टी होती. आई ताईच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली होती, म्हणून एकटेच. रविवारी आम्ही तिघं ऑटो करून तांड्यावर गेलो. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट, काळे बूट आणि लग्नातला कोट घातला होता. मी नको म्हणत होते. तिकडे काका बनियानवर, कापसाच्या गाठोड्याशी झटत होते. कोट बघून ते घाईनं आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले ते मुलाचं जाकीट घालून, बाह्या मनगटाच्या वर. तेवढ्यात माझ्या वडिलांनी, आपण जास्त सजलो असं वाटून, कोट काढून हातावर घेतला होता. दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहिले. याडी म्हणाली, "आता थोडी थंडी वाजली का दोघायलेबी घालजा," आणि कोट आणि जाकीट दोन्ही खुंटीला अडकवून टाकलं.

जेवण झाल्यावर काका त्यांना शेत दाखवायला घेऊन गेले. आम्ही दोघीही मागून गेलो. तूर फुलावर होती. माझ्या वडिलांनी आयुष्यात शेती केली नव्हती. ते प्रत्येक झाडापाशी थांबून विचारत, याची मुळं किती खोल जातात? काकांना हसू येई, पण ते मन लावून सांगत. आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडायचे, पाय कुठं टिकत नव्हता, हेही सांगितलं. "आता पाहा, मलेच इथून हलवत नाई."

विहिरीपाशी आलो. काका कठड्यावर हात टेकून वाकले आणि म्हणाले, "पाहा दादा, केवढं पाणी हाये." माझे वडील पुढे गेले, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबले. काकांनी पुन्हा बोलावलं. ते हललेच नाहीत. उभी हयात जमिनीखाली काढलेला माणूस विहिरीत डोकवायला घाबरत होता. मला त्यांच्यासाठी कसंतरी झालं. मग तेच म्हणाले, "भाऊ, मले उतराची सवय हाये. वाकून पाहाची नाई."

काकांनी विहिरीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "मंग उतरू," म्हणाले. "पायऱ्या हायेत."

खरंच होत्या, पलीकडच्या बाजूनं दगडी, थेट पाण्यापर्यंत. वडिलांनी बूट काढले, पँट दुमडली आणि एका हातानं भिंत चाचपत सरसर उतरले. काकाच मागे राहिले. खालून वडिलांचा आवाज घुमत आला, दगडाचा थर कुठे बदलतो, पाणी कुठून झिरपतं, ते सांगत होते. काका एकेका पायरीवर बसत, "कुठं? कुठं?" विचारत खाली जात होते. शेवटच्या कोरड्या पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसले, पाय पाण्यात सोडून, आणि गप्पा मारू लागले. वरून आम्हाला फक्त दोन टकलं दिसत होती.

याडीनं आमच्या हाती किटलीत चहा पाठवला होता. आम्ही दोन-तीनदा हाका मारल्या. "येतो, येतो," असा आवाज आला आणि पुन्हा गप्पा सुरू झाल्या. चहा निवत चालला होता. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्ही कठड्याला पाठ लावून उन्हात बसलो आणि त्यांच्या वाटचा चहाही दोघींनी पिऊन टाकला.